आधी इनलेटला काय येते ते पाहा

कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका
मा. आयुक्त, इचलकरंजी महानगरपालिका



पंचगंगेच्या प्रदूषणावर दर वर्षी बैठका होतात. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडतो, कार्यकर्ते काळ्या पाण्याच्या बाटल्या घेऊन कार्यालयात येतात, नमुने घेतले जातात, नोटिसा निघतात. मग उपाय म्हणून एमएलडीचा, म्हणजे रोजच्या दशलक्ष लिटरचा, आकडा पुढे येतो. कुठे इतक्या एमएलडीचे नवे केंद्र, कुठे जुन्या केंद्राची क्षमतावाढ. प्रस्ताव जातो, निधी मंजूर होतो, भूमिपूजन होते. आणि नदीकाठची तक्रार पुढच्या उन्हाळ्यातही तीच राहते.

मी शिरोळ तालुक्यात राहतो आणि सांडपाण्याचे शुद्धीकरण हेच माझे आजवरचे काम आहे. प्रयाग चिखलीपासून निघालेली पंचगंगा कोल्हापूर आणि इचलकरंजीचे पाणी पोटात घेऊन आमच्या गावांवरून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. वर काय सोडले गेले ते खाली आम्हाला कळते. म्हणून हे पत्र तुम्हा दोघांना मिळून लिहितो आहे.

माझे सांगणे थोडक्यात असे. केंद्र रोज किती दशलक्ष लिटर पाणी घेऊ शकते, एवढेच एमएलडीच्या आकड्यावरून कळते. घेतलेले पाणी शुद्ध होणार की नाही, हे त्या पाण्यात काय विरघळले आहे, किती आहे आणि कोणत्या वेळी आले, यावर ठरते. जैविक शुद्धीकरणात काम करतात ते जिवाणू. त्यांच्यापुढे काय येते हे ज्याला माहीत नाही, त्याने कितीही मोठी टाकी बांधली तरी ती भरवशाची होत नाही.

हा प्रश्न फक्त आपल्या नदीचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत ७२,३६८ एमएलडी मैलापाणी तयार होते, उभारलेली क्षमता ३१,८४१ एमएलडी आहे आणि प्रत्यक्ष वापर २० हजार एमएलडीच्या आसपास. क्षमता अपुरी आहे, हे खरेच. पण जी बांधली आहे तिच्यातलीही एक तृतीयांशाहून जास्त वापराविना पडून आहे. जिथे वापर होतो तिथे जिवाणूंना झेपेल असे पाणी येते का, हा प्रश्न या आकड्यांत उमटतच नाही.

जिवाणूंकडून पाणी शुद्ध करून घेण्याची ही पद्धत आली कुठून, ते इचलकरंजीच्या आयुक्तांना विशेष जवळचे वाटेल. १९१४ साली मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी डेव्हिहल्मच्या केंद्रातले मैलापाणी बाटल्यांत भरून त्यात हवा सोडली. पहिल्यांदा त्यातल्या अमोनियाचे पूर्ण नायट्रेट व्हायला पाच आठवड्यांच्या आसपास लागले. त्यांनी वरचे स्वच्छ पाणी ओतून दिले, तळाचा गाळ मात्र टाकला नाही. त्याच गाळावर नवे पाणी ओतले, पुन्हा हवा दिली, आणि असे करत करत तेच काम काही तासांवर आणले. तो गाळ म्हणजे जिवंत जिवाणूंचा साठा होता. या दोघांना कामाची दिशा देणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे हे शास्त्र आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वीच पोचले आहे. आज एसबीआर म्हणून जी पद्धत आपण वापरतो, तिचे मूळही त्या बाटल्यांतच आहे: भरा, हवा द्या, बसू द्या, वरचे पाणी काढा. महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणवणाऱ्या गावाने मूळ मँचेस्टरकडून कापडाइतकीच ही विद्याही मनापासून घ्यावी.

त्या गाळातल्या जिवाणूंना काय लागते? आपल्या जिल्ह्यात प्रत्येक गावात दूधसंस्था आहे, म्हणून एकच उदाहरण गोठ्यातले देतो. वैरणीवर असलेल्या म्हशीसमोर एकदम पाटीभर धान्य ठेवले तर तिचे पोट बिघडते, कारण तिच्या पोटातले जिवाणू नव्या चाऱ्याला सरावलेले नसतात. चारा बदलायचा तर आठवडाभर थोडा थोडा बदलावा लागतो, हे कोणत्याही गवळ्याला शिकवावे लागत नाही. हवा देण्याच्या, म्हणजे एरेशन, टाकीतले जिवाणूही असेच असतात. पाण्यात काय आहे याइतकेच ते किती अचानक बदलले यालाही महत्त्व आहे.

त्यांच्या आहाराचे प्रमाण ठरलेले आहे. हवेवर जगणाऱ्या जिवाणूंना १०० भाग बीओडीमागे साधारण ५ भाग नायट्रोजन आणि १ भाग फॉस्फरस लागतो. बीओडी म्हणजे जिवाणूंना खाता येण्याजोग्या घाणीचे माप, तर सीओडी म्हणजे रसायनाने जाळता येणाऱ्या जवळजवळ सगळ्या सेंद्रिय घाणीचे. घरगुती मैलापाण्यात बीओडी हा सीओडीच्या निम्म्याच्या आसपास असतो, म्हणजे घाण बहुतांशी खाण्याजोगी असते. हे गुणोत्तर ०.३ च्या खाली गेले की समजावे, या पाण्यात जिवाणूंच्या आवाक्याबाहेरचे काहीतरी बरेच मिसळले आहे. हे एवढे एक गुणोत्तर जरी प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी रोज काढले, तरी कोणत्या नाल्यात कारखान्याचे पाणी शिरते ते महिनाभरात कळेल.

टाकीची तब्येत पाहायला महागडे यंत्र लागत नाही. एक लिटरचे काचेचे मोजपात्र एरेशन टाकीतल्या पाण्याने भरायचे आणि अर्धा तास हलवायचे नाही. स्लज, म्हणजे तोच जिवंत गाळ, निरोगी असेल तर पाचच मिनिटांत वर स्वच्छ पाण्याची रेघ दिसू लागते. चॉकलेटी रंगाचे गुठळीदार पुंजके एकमेकांना धरून खाली सरकतात आणि अर्ध्या तासाने २५० ते ३०० मिलिलिटरवर थांबतात. वास घेतला तर तो ओल्या मातीसारखा येतो. बिघडलेला स्लज त्याच पात्रात अर्ध्या तासानंतरही ८०० च्या खाली उतरत नाही. त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पुंजक्यांतून बाहेर आलेले लांब धागे दिसतात. हे तंतुमय जिवाणू घाण खातात, पण बसत नाहीत. मग स्लज शेवटच्या टाकीतून पाण्याबरोबर बाहेर वाहून जातो आणि ज्यांनी शुद्ध करायचे तेच नदीत जाऊन नदीचा ऑक्सिजन खातात. निरोगी थेंबात देठावर उभे असलेले घंटेच्या आकाराचे व्हॉर्टिसेला आणि तोंडाशी चक्र फिरवणारे रोटिफर असतात. विषारी काही आले की व्हॉर्टिसेला मिटतात, देठावरून सुटतात. अनुभवी केमिस्टला आउटलेटचा अहवाल येण्याआधी हे दिसते.

हे धागे का वाढतात? कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यातली बहुतेक येणाऱ्या पाण्याच्या घटकांत सापडतात. ऑक्सिजन कमी पडला, नायट्रोजन-फॉस्फरस कमी पडले, घाण फारच विरळ आली, गटारात कुजून सल्फाइड झालेले पाणी आले, तेल-तूप जास्त आले, तर प्रत्येक वेळी वेगळ्या जातीचे धागे माजतात. ऑपरेटरने हवेचा ब्लोअर वाढवला तर यातले एखादेच कारण दूर होते. बाकीची कारणे केंद्राच्या फाटकाबाहेर आहेत आणि तिथे ऑपरेटरचा हुकूम चालत नाही. तिथे तुमचा चालतो.

आता आपल्या खोऱ्यातली तीन पाणी वेगवेगळी पाहू.

पहिले घरगुती मैलापाणी. ते सगळ्यात सोपे मानले जाते, पण आपण त्याची वाट लावून केंद्रात आणतो. घरोघरी सेप्टिक टँक आहेत, त्यांतून बाहेर पडलेले पाणी उघड्या गटारीतून नाल्यात जाते, नाला अडवून पंपाने ते केंद्रात उपसले जाते. सेप्टिक टँक पाण्यातला कार्बन बऱ्यापैकी खाऊन टाकतो. अमोनिया मात्र तसाच पुढे सोडतो. वाटेत नाल्यात झऱ्याचे, पावसाचे पाणी मिसळते. २५० मिलिग्रॅम बीओडी धरून आखलेल्या केंद्रात त्याच्या निम्म्याहून कमी बीओडीचे पाणी आले तर जिवाणू उपाशी राहतात, पुंजके झिजतात, स्लज टिकत नाही. कागदावर केंद्र पूर्ण एमएलडीने चालते. प्रत्यक्षात ते नाल्याचे पाणी फिरवत असते आणि खरा मैला भलतीकडून नदीला मिळतो.

यातूनच नायट्रोजनचा पेच तयार होतो. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू फार हळू वाढतात. बाकीचे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, यांना दिवस किंवा जास्तच लागतो. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे त्यांना साडेचार मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो आणि पाण्यातली सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कता खर्च होते. ४० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असलेल्या पाण्यात त्यासाठी जवळजवळ २८५ मिलिग्रॅम अल्कता हवी. तेवढी नसेल तर पीएच घसरतो आणि हे जिवाणू काम थांबवतात. पुढचा टप्पा नायट्रेटचा वायू करून हवेत सोडण्याचा. तिथे जिवाणूंना सहज खाता येणारा कार्बन लागतो. व्यवहारात एक ग्रॅम नायट्रोजनमागे चार-पाच ग्रॅम सीओडी. तोच कार्बन आपण सेप्टिक टँकमध्ये आणि नाल्यात घालवून बसलेलो असतो. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात मैलाशुद्धीकरण केंद्रांसाठी बीओडी १०, एकूण नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ मिलिग्रॅम इतके कडक मापदंड सांगितले. आउटलेटचे पाणी काचेसारखे दिसले तरी त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट असेल, तर ते नदीत केंदाळाचे खत होते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे उन्हाळ्यात पाणी साचते आणि नदीवर केंदाळाची चादर पसरते. ते काढायला तुम्ही यंत्रे लावता. त्या केंदाळाला लागणाऱ्या खतातला वाटा शहराच्या गटारातून जातो.

दुसरे कापडाचे पाणी. ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये खळ लावली जाते आणि विणलेले कापड प्रोसेसला गेले की तीच खळ धुऊन काढली जाते. पिठाची खळ असेल तर ती जिवाणूंना आवडते, प्रोसेसिंगच्या एकूण बीओडीत तिचा वाटा मोठा असतो. पण तिच्यात नायट्रोजन जवळजवळ नसतो. हजार किलो बीओडी पचवायला ५० किलो नायट्रोजन हवा. तो बाहेरून द्यायचा तर सुमारे ११० किलो युरिया लागतो. तो वाचवला की स्लज चिकट होतो, फुगतो, बसत नाही. पिठाच्या खळीऐवजी पीव्हीए हे कृत्रिम द्रव्य वापरले असेल तर त्याला सरावलेले जिवाणू तयार व्हायला आठवडे लागतात, आणि कोणत्या दिवशी कोणत्या सायझिंगचे कापड आले यावर पाण्याची प्रकृती बदलते.

त्यात कॉस्टिकमुळे पीएच दहाच्या वर गेलेला असतो. पाणी गरम असते, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. ब्लीचिंगचे हायपोक्लोराइट उरले असेल तर ते जिवाणू मारण्याचेच औषध आहे. अझो रंगांचे बंध हवेशिवायच्या टाकीत तुटतात, पण तुटून जे अमाइन तयार होतात त्यांना पुढे हवेची टाकी लागते. हा क्रम चुकला तर रंग गेला आणि विष उरले, असे होते. गडद रिॲक्टिव्ह रंगासाठी लिटरला ५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त मीठ लागते. मीठ कोणताही जिवाणू खात नाही. जेवढे आत आले तेवढेच बाहेर जाते. शिरोळ तालुक्यात अतिसिंचनाने आणि निचरा नसल्याने क्षारपड झालेल्या जमिनी आधीच आहेत. त्यांवर सोडायच्या पाण्यात आणखी क्षार घालणे आमच्या शेतकऱ्याला परवडणारे नाही. म्हणून रंगाच्या बाथचे खारट पाणी धुण्याच्या हलक्या पाण्यापासून कारखान्यातच वेगळे काढले पाहिजे. एकदा एका नळीत मिसळले की ते वेगळे करण्याचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

तिसरे साखरेचे आणि डिस्टिलरीचे पाणी. साखर कारखान्याचे पाणी गळीत हंगामात चार-पाच महिने येते, उरलेले महिने टाकीतल्या जिवाणूंना खायला नाही. हंगाम सुरू झाला की पहिल्या काही आठवड्यांत भार पूर्ण आणि जिवाणू अपुरे अशी स्थिती असते. हे दर वर्षी ठाऊक असलेले संकट आहे, तरी शेण आणि तयार स्लज आणून टाकी जागी करण्याचे काम धुराडे पेटायच्या आधी सुरू झाले पाहिजे, ही शिस्त सगळीकडे पाळली जात नाही.

डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचे, म्हणजे लोक ज्याला मळीचे पाणी म्हणतात त्याचे, गणित वेगळेच आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. त्याचा सीओडी लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो, बीओडी ५० हजारांच्या आसपास. दहा हजार लिटरचा एक टँकर धरा. त्यात ५०० किलो बीओडी झाला. माणशी दिवसाला २७ ग्रॅम बीओडी धरला तर हा साडेअठरा हजार माणसांच्या मैलापाण्याचा एका दिवसाचा भार आहे. हा भार एका रात्री एका नाल्यात सोडला आणि तो नाला केंद्राकडे वळवलेला असेल, तर सकाळपर्यंत टाकीतला ऑक्सिजन शून्यावर येतो. थेट नदीत गेला तर? उन्हाळ्यातल्या पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. ५०० किलो बीओडी पुरता कुजायला सव्वासहा कोटी लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन लागेल. बंधाऱ्यामागे साचलेल्या पाण्यात मासे का मरतात, त्याचे एक उत्तर या गुणाकारात आहे. शिवाय स्पेंटवॉशमध्ये सल्फेट असते. हवेशिवायच्या टाकीत त्याचे हायड्रोजन सल्फाइड होते आणि ते मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना मारक ठरते. त्याला तपकिरी रंग देणारे मेलॅनॉइडिन तर साध्या जिवाणूंना पचतच नाही.

या तीन मोठ्या प्रवाहांखेरीज छोटे, पण घातक थेंब आहेत. मुलामा देणाऱ्या कारखान्यांतून येणारे सायनाइड, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, तांबे. गॅरेजचे ऑइल. खानावळी, हॉटेले आणि मंगल कार्यालयांतून येणारी चरबी. कोल्हापूरच्या रश्श्याची ख्याती जगभर जावो, पण त्यावरचा कट मोरीतून गटारात गेला की टाकीवर तपकिरी जाड फेस धरतो आणि तो फेस महिनोन्महिने हटत नाही. जड धातूंचा एक डोस आला की सगळ्यात आधी जातात ते अमोनियावर काम करणारे हळू वाढणारे जिवाणू. घाण खाणारे बाकीचे जिवाणू चार-आठ दिवसांत सावरतात, हे मात्र सावरायला कित्येक आठवडे घेतात. आउटलेटचा बीओडी पुन्हा बरा दिसू लागतो, म्हणून सगळे निश्चिंत होतात. अमोनिया त्या काळात नदीत जातच असतो आणि तो माशांना विषारी आहे.

इथे एक अडचण तुम्ही लक्षात घ्यावी. आपल्याकडे बीओडीची चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते. म्हणजे सोमवारी रात्री सोडलेल्या पाण्याचा आकडा गुरुवार-शुक्रवारी हातात येतो. तोवर ते पाणी आमच्या गावावरून पुढे कृष्णेत गेलेले असते. महिन्यातून एकदा सकाळी अकराच्या सुमारास घेतलेल्या एका नमुन्यावर आपण नदीचा निवाडा करतो आणि घाण सोडणारा रात्री दोनची वेळ निवडतो. सीओडी दोन-तीन तासांत कळतो. पीएच, तापमान, वाहकता तर मीटर लावून क्षणाक्षणाला कळते. टाकीतले जिवाणू किती वेगाने ऑक्सिजन घेत आहेत हे अर्ध्या तासात मोजता येते. हा वेग अचानक पडला तर विष आले, अचानक चढला तर मोठा भार आला. या साध्या चाचण्या इनलेटवर तासातासाला झाल्या, तर चोर रात्रीच सापडेल.

उद्योजकांची बाजूही मी जाणतो. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणि प्रोसेसवर हजारो घरे चालतात, साखर कारखान्यांवर तर जिल्ह्याची शेती उभी आहे. छोटा प्रोसेसवाला म्हणतो, आम्ही सामुदायिक केंद्राची फी भरतो, पुढचे केंद्राने बघावे. त्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पण सामुदायिक केंद्रसुद्धा शेवटी जिवाणूंवरच चालते, आणि फी भरली म्हणून जिवाणू क्रोमियम पचवत नाहीत. ठेकेदाराची बाजूही तशीच आहे. आउटलेट बिघडले की दंड त्याला, पण इनलेटला काय यावे यावर त्याचा अधिकार शून्य. असा करार केला की तो आकडे सांभाळायला शिकतो, पाणी सांभाळायला नाही.

आणि एक आशेची बाजू, जी बैठकांत कधी मांडली जात नाही. घरगुती मैलापाण्यात नायट्रोजन जास्त आणि कार्बन कमी आहे. खळीच्या पाण्यात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन नाही. एकाचे उणे दुसऱ्याचे अधिक आहे. रंग, मीठ आणि ब्लीच यांपासून वेगळे काढलेले निव्वळ पिठाच्या खळीचे पाणी मोजून-मापून, संथ धारेने मैलाशुद्धीकरण केंद्राच्या बिनहवेच्या टप्प्यात दिले, तर नायट्रेट घालवायला लागणारा कार्बन गावातच मिळू शकतो आणि सायझिंग-प्रोसेसचा युरियाचा खर्चही वाचू शकतो. अर्थात आधी प्रयोगशाळेत, मग लहान टाकीवर वर्षभर चाचणी घेऊनच. पण हा विचार सुचायलासुद्धा आधी कोणत्या पाण्यात काय आहे ते माहीत असावे लागते. आज ही दोन्ही पाणी काळ्या ओढ्यासारख्या नाल्यात कोणी न विचारता मिसळतात आणि एकमेकांना उपयोगी पडण्याऐवजी दोन्ही वाया जातात.

म्हणून माझ्या तुम्हा दोघांकडे पुढील मागण्या आहेत.

एक. कोणत्याही नव्या केंद्राचा किंवा क्षमतावाढीचा आराखडा करण्याआधी प्रत्येक मोठ्या नाल्याचे चोवीस तासांचे, तासातासाने घेतलेले नमुने तिन्ही ऋतूंत काढा. गळीत हंगामातला एक आठवडा आणि यंत्रमाग बंद असलेला एक दिवस त्यात हवाच. बीओडी आणि सीओडीखेरीज नायट्रोजन, फॉस्फरस, अल्कता, सल्फेट, क्षार, तेल आणि जड धातू मोजा. आराखड्यात पुस्तकातले सरासरी आकडे उतरवून घेतलेले असतील तर तो परत पाठवा.

दोन. आउटलेटबरोबर इनलेटचेही रोजचे आकडे केंद्राच्या फाटकावर आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर लावा. आत ८० बीओडी येऊन बाहेर १० जात असेल तर त्यात केंद्राची करामत थोडी आणि नाल्याच्या पाण्याची जास्त, हे नागरिकांनाही कळू द्या.

तीन. गटारजोडणी देणे आणि तोडणे तुमच्या हातात आहे. व्यावसायिक जोडणी असलेल्या प्रत्येकाच्या दाराबाहेर नमुना घेण्याचा चेंबर सक्तीचा करा आणि रात्री आपोआप नमुने भरणारी यंत्रे फिरती ठेवा. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखालची कारवाई प्रदूषण नियंत्रण मंडळाने करायची आहे, पण तिला लागणारा पुरावा तुमच्या चेंबरमधून मिळेल. हॉटेले आणि मंगल कार्यालयांना चरबी अडवणारी टाकी असल्याशिवाय परवान्याचे नूतनीकरण करू नका.

चार. सेप्टिक टँक उपसणाऱ्या मैला टँकरांना रिकामे होण्यासाठी केंद्रावर अधिकृत जागा द्या. तिथून तो मैला हळूहळू प्रवाहात सोडता येतो. जागा नसेल तर टँकर जवळच्या मॅनहोलमध्ये किंवा ओढ्यात रिकामा होणार. आणि ज्या गल्लीत ड्रेनेज पोचले तिथले सेप्टिक टँक बंद करून मैला थेट वाहिनीत घ्या, म्हणजे कार्बन केंद्रापर्यंत पोचेल.

पाच. ठेकेदाराला एमएलडीवर पैसे देणे थांबवा आणि काढलेल्या घाणीच्या किलोवर द्या. बीओडीचे किलो, नायट्रोजनचे किलो. मग नाल्याचे विरळ पाणी फिरवण्यात त्याला फायदा उरणार नाही, खरा मैला शोधून आणण्यात उरेल. किलो वाढवायला कोणी कारखान्याचे जहाल पाणी आत घेईल ही भीती खरी आहे; म्हणून इनलेटला प्रत्येक घटकाची वरची मर्यादा घाला, ती ओलांडणारे पाणी वेगळ्या टाकीत अडवण्याचा अधिकार आणि ती टाकी दोन्ही ठेकेदाराला द्या.

सहा. प्रत्येक केंद्रावर रात्रपाळीला केमिस्ट, चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक आणि तासाची नोंदवही असावी. कोट्यवधींच्या केंद्रात या माणसाचा पगार ही सगळ्यात छोटी रक्कम आहे आणि बहुतेकदा पहिली कात्री तिलाच लागते.

ही कामे दोन महापालिकांनी वेगवेगळी केली तर अर्धी राहतील. दर महिन्याला दोन्ही ठिकाणचे केमिस्ट, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी आणि नदीकाठच्या गावांचा एक प्रतिनिधी यांनी एका टेबलाशी बसून इनलेटचे तक्ते पाहावेत. पंचगंगेच्या बैठकीत एमएलडीच्या आधी या तक्त्यांवर चर्चा व्हावी.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली, हे तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर शहराला दुसऱ्या नदीचे पाणी हवेसे वाटले, आणि दूधगंगेचे पाणी आणण्याच्या सुळकूड योजनेवरून त्या नदीकाठचे शेतकरी आणि इचलकरंजीकर समोरासमोर आले. दारातली नदी पिण्यालायक उरली नाही, म्हणून शेजाऱ्याशी भांडण्याची वेळ आली. नवी योजना होईल तेव्हा होवो. पंचगंगेला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याचे पाणी आज रात्रीपासून मोजायला लागता येते, त्यासाठी मंत्रालयातल्या मंजुरीची गरज नाही. येत्या गळीत हंगामाआधी पहिल्या चोवीस तासांच्या नमुन्यांचे तक्ते आपण जाहीर कराल, अशी मी जाहीर मागणी करतो. ते तक्ते वाचायला आणि त्यांचा अर्थ लावायला माझ्यासारखे या क्षेत्रातले लोक विनामोबदला येऊन बसतील. आपण फक्त बोलवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शिरोळ तालुक्यातील एक सांडपाणी तंत्रज्ञ